सदतीस अंशांची राखण

परभणीच्या कृषी विद्यापीठातली वेधशाळा दर हिवाळ्यात एकदोनदा तरी पेपरात येते. पारा पाच-सहा अंशांवर, एखाद्या साली त्याच्याही खाली. मे महिन्यात त्याच आवारातला पारा 44 च्या पुढे जातो. म्हणजे एका वर्षात जवळजवळ 40 अंशांचा झोका. या झोक्यात जिंतूरच्या माळावर शेळ्या वळणाऱ्या पोराचं किंवा मानवतच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या हमालाचं आतलं तापमान मात्र जानेवारीच्या पहाटे 37 आणि मेच्या दुपारीही 37. फार तर अर्धा-एक अंश इकडेतिकडे. बाहेर एवढी उलथापालथ चालू असताना आतला अंश जागेवर कोण धरून ठेवतं, कशाच्या जोरावर धरतं आणि त्याची किंमत किती पडते, हा या लेखाचा विषय.

प्रश्न जुना आहे. चरकसंहितेनं धातूंचं साम्य म्हणजे आरोग्य असं मानलं, सुश्रुतानं त्यात अग्नी, मलक्रिया आणि मनाची प्रसन्नताही धरली. मोजमापाची साधनं नसताना, शरीर ही एक सांभाळलेली अवस्था आहे हे त्यांनी ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी प्रयोगांवरून सांगितलं की प्राणी खरा राहतो तो बाहेरच्या हवेत नव्हे, स्वतःच्या आतल्या द्रवात; तो द्रव स्थिर राहिला तरच त्याला बाहेर मोकळेपणानं वावरता येतं. अमेरिकेतले वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये या सांभाळण्याला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं आणि 1932 मध्ये 'द विजडम ऑफ द बॉडी' हे पुस्तक लिहिलं. मराठीत आपण त्याला समस्थिती किंवा संतुलन म्हणतो. मला हे दोन्ही शब्द पुरेसे वाटत नाहीत. संतुलन म्हटलं की दोन्ही पारडी स्थिर झालेला तराजू डोळ्यांपुढे येतो. शरीरात तसं काही स्थिर नसतं. हुरड्याला आलेल्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या माणसाचं काम जसं पाखरं एकदा उडवली म्हणून संपत नाही, तसं हे काम आहे. म्हणून मी त्याला राखण म्हणतो.

राखण कशाची, ते आधी पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात 30 लाख कोटींहून जास्त पेशी असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य रक्तातल्या तांबड्या पेशी. पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, ही उतरंड शाळेत सगळ्यांनी पाठ केली आहे. पण त्या पाठात एक गोष्ट निसटते: या सगळ्या पेशी खारट पाण्यात बुडालेल्या आहेत. 70 किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे 42 लिटर पाणी असतं. त्यातलं 28 लिटर पेशींच्या आत, 14 लिटर बाहेर, आणि त्या 14 मधलं जेमतेम 3 लिटर रक्ताचा पातळ भाग म्हणून वाहत असतं. शेतात राबणाऱ्या 48-50 किलोच्या बाईकडे एकूण पाणीच 24-25 लिटर. पेशीबाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. हा फरक टिकवायला प्रत्येक पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप आहेत. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी ते 1957 मध्ये दाखवून दिले आणि 40 वर्षांनी त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आपण बाजेवर नुसतं पडून असतो तेव्हाही अंगातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा हे पंप चालवण्यात जातो. म्हणजे विसाव्यातलं शरीरसुद्धा कामावरच असतं.

आता मेमधली एक सकाळ. शेत नांगरून पडलेलं आहे आणि पाचसहा बाया धसकटं वेचताहेत. अकरा वाजत आलेत. हवा 41-42 अंशांवर, आणि काळी माती त्याहून कितीतरी तापलेली. त्यातल्या एकीकडे नीट पाहा. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, त्यावरून रुमाल बांधलेला. ती वाकते, मुठीत धसकट धरते, उपटते, माती झटकते, ढिगावर टाकते. तिचे स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेतला फार तर चौथा हिस्सा कामाला लागतो, बाकीची सगळी उष्णता होते. थंडीत ही उष्णता कातडीवरून हवेत निघून जाते. इथे हवाच कातडीपेक्षा गरम. ती तिच्याकडून उष्णता घेत नाही, उलट देते. ऊन वरून देतं, माती खालून देते. तीन बाजूंनी येणारी ही आवक बाहेर काढायला तिच्याकडे एकच वाट उरते, ती म्हणजे घाम.

माणसाच्या कातडीत 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी असतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढाही नसलेला भाग आहे. रक्त किती तापलंय आणि किती खारट झालंय हे तो सतत तपासत असतो आणि ग्रंथींना हुकूम देतो. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माणसाला देवानं दिलेला याहून मोठा गारवा नाही. पण 'वाळला तर' हे शब्द महत्त्वाचे. अंगावरून धारा लागून जमिनीवर पडलेला घाम वाया गेला. पाणीही गेलं, मीठही गेलं आणि थंडावा मात्र मिळाला नाही. आपल्याकडच्या मेमधल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, म्हणून पाठीवर ओलावा फारसा दिसत नाही, दिसतात ते मिठाचे पांढरे ओघळ. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, हवा दमट होते, पारा 38 वर उतरलेला असतो आणि तरीही जीव जास्त घाबरा होतो, त्याचं कारण हेच. उष्णतेचा धोका नुसत्या पाऱ्यावरून मोजणं चूक आहे. हवा दमट असेल तर कमी तापमानातही शरीराची ही एकमेव वाट बुजते.

घाम करायला पाणी रक्तातून येतं, आणि इथूनच हिशोब अवघड होत जातो. कष्टाच्या कामात, अशा उन्हात, तासाला लिटरभर घाम सहज जातो. तिच्या अंगातलं एक लिटर पाणी कमी झालं, म्हणजे वजनाचे दोन टक्के गेले, की दमसास उतरू लागतो. कातडीला थंडाव्यासाठी रक्त हवं, स्नायूंना कामासाठी रक्त हवं, आणि एकूण रक्त तर आटत चाललेलं. मग हृदय ठोके वाढवतं. तेवढ्यानं भागेना की शरीर वाटणी बदलतं: आतड्यांचं रक्त कमी, मूत्रपिंडांचं रक्त कमी, मेंदू आणि हृदयाचं मात्र जसंच्या तसं. शरीराची खरी रचना मला इथे दिसते. पुस्तकातल्या चित्रात सगळे अवयव शेजारी शेजारी सारख्या मानानं मांडलेले असतात. संकटात मात्र कोणाचं पाणी आधी तोडायचं याची ठरलेली उतरंड आहे, आणि दुष्काळात गावानं पिकाचं पाणी तोडून पिण्याचं राखावं तशी ती आहे.

तोडलेल्याला झळ बसतेच. रक्त कमी पडलेल्या आतड्यांचं अस्तर गळू लागतं आणि आतले जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरतात. उष्माघातात नुसतं अंग तापत नाही, सगळं शरीर आतून पेटल्यासारखं होतं, त्यामागे हे एक कारण आहे. आतलं तापमान 40 च्या वर आणि सोबत बरळणं, झोकांड्या, झटके किंवा शुद्ध हरपणं, ही उष्माघाताची खूण. घाम पूर्ण थांबलेला असेलच असं नाही. कष्ट करताना कोसळलेल्या माणसाचं अंग ओलं असू शकतं. अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. सावलीत आणून कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत राहा, जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा यांवर ठेवा आणि हे करतच दवाखाना गाठा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्यानं यातलं काहीच होत नाही.

मूत्रपिंडांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण राखणीतला सगळ्यात कष्टाळू गडी तोच. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. म्हणजे अंगातला तीन लिटर पातळ भाग दिवसातून 60 वेळा धुतला जातो. पाणी कमी पडलं की हायपोथॅलॅमसकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं आणि मूत्रपिंडं पाणी आणखी आवळून धरतात; मिठासाठी अल्डोस्टेरॉन आहे. लघवी गडद पिवळी होते ती याचमुळे. पण या आवळण्यालाही हद्द आहे. रोजचा कचरा बाहेर टाकायला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. त्याखाली गेलं की कचरा आत साठतो.

आता त्या शेतातल्या बायांकडे परत या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तहान लागूनही पाणी कमी पितात. धुऱ्यावर आडोसा नाही, बाभळ एकच, आणि रस्त्यानं माणसांची ये-जा. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणीच नको, हा त्यांचा रोजचा निर्णय. शरीर तहानेच्या रूपानं ओरडून सांगत असतं आणि लाज त्याचं तोंड दाबते. लघवीची जळजळ, मुतखडा, चक्कर या तक्रारींचं मूळ शोधताना डॉक्टरांनी हा प्रश्न आधी विचारावा असं मला कळकळीनं वाटतं.

शरीर सवयीनंही शिकतं. उन्हात रोज काम केलं तर सात ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्ताचा पातळ भागही वाढतो. म्हणून मेमध्ये मुरलेला गडी जे ऊन सोसतो ते मार्चच्या पहिल्या तडाख्यात सोसत नाही, आणि लग्नासाठी पुण्याहून गावी आलेल्या, वर्षभर एसीत बसणाऱ्या भावाला ते मेमध्येही सोसत नाही. ही सवय काही आठवड्यांच्या सावलीत निघूनही जाते.

गेलेलं नुसत्या पाण्यानं भरत नाही, मीठही भरावं लागतं. तासन्‌तास घाम गाळून केवळ पाणीच ढोसलं तर रक्तातलं सोडियम लिटरला 135 मिलिमोलच्या खाली घसरू शकतं आणि डोकं जड होणं, मळमळ, गोंधळ सुरू होतो. आपल्या लोकांनी यावर केलेली सोय उत्तम आहे: भाकरीसोबत चटणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं. त्यामागचं शास्त्र 1960 च्या सुमारास नीट कळलं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज यांचं एक सामाईक दार आहे; दोघं जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. कॉलऱ्यात बाकी सगळं बिघडलं तरी हे दार चालू राहतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं तर एक लिटर पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा चमचा. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची गोळी चालू असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं, एवढंच.

परभणीचं नाव या विषयाशी आणखी एका वाटेनं जोडलं गेलंय. 1972 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठानं, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं, इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सोबतीनं 2018 मध्ये 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. नेहमीच्या ज्वारीच्या साधारण दीडपट लोह आणि तितकंच वाढीव जस्त तिच्या दाण्यात आहे. लोहाचा हिशोब शरीरातला सगळ्यात काटकसरी. नव्या तांबड्या पेशी सेकंदाला 20 लाखांहून जास्त तयार होतात. त्यासाठी रोज 20-25 मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून मात्र एक-दोन मिलिग्रॅमच आत येतं. बाकीचं सगळं, 120 दिवस जगून मोडीत निघालेल्या जुन्या पेशींमधून काढून परत वापरलं जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, म्हणून राखण दारातच होते: यकृतातून निघणारं हेप्सिडिन आतड्याचं दार उघडतं-मिटतं. बाईचं मात्र दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, आणि ताटात तिच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. वाढलाय. भाकरीबरोबर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी, हे घरोघरी सांगितलं पाहिजे. आणि त्या नांगरटीतल्या बाईचं रक्त मुळातच पातळ असेल, तर वर सांगितलेली सगळी ओढाताण तिच्या हृदयाला दुप्पट जड जाते. उन्हाचा आणि पंडुरोगाचा विचार आपण वेगवेगळ्या खात्यांत करतो. तिच्या अंगात ते एकत्रच असतात.

साखरेची कथा थोडक्यात. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर चमचाभर, पाचएक ग्रॅम. इन्शुलिन आणि ग्लुकागॉन ही स्वादुपिंडाची दोन संप्रेरकं तिला रेषेत ठेवतात आणि यकृत शंभरएक ग्रॅमचा साठा सांभाळतं. ही रेष कुठे आखायची हे काही अंशी आईच्या पोटात ठरतं, हे दाखवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं वजनाला हलकी, सरासरी 2.7 किलोच्या आसपास, पण अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा तुलनेनं जास्त. उपासमारीची तयारी करून जन्मलेलं हे शरीर पुढे भरल्या ताटापुढे आलं की मधुमेहाकडे झुकतं. हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गर्भात असलेल्या मुलांवर तिथल्या संशोधकांनी अनेक दशकं अभ्यास केला, तिथेही साखरेची सहनशक्ती कमी आढळली. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात पोटात असलेली मुलं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. त्यांचाही असा पाठपुरावा इथल्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी करायला हवा.

थंडीतली राखण आपण विसरतो, कारण मोठ्यांना ती जमते: कातडीचं रक्त आत ओढलं जातं, कुडकुडणं सुरू होतं, शेकोटी आहेच. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठी, आणि खांद्यामागच्या तपकिरी चरबीचा थोडासा साठा हाच त्याचा शेगडीचा कोळसा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना बाळ उबदार ठेवायला, श्वासाचा त्रास आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. जानेवारीत जन्मलेल्या बाळाला लगेच आंघोळ घालू नये, टोपडं घालून आईच्या उघड्या छातीशी धरावं. एवढं साधं आहे.

कॅनननंतर या विषयात झालेली मोठी भर म्हणजे राखणदाराच्या थकव्याचा विचार. 1988 मध्ये स्टर्लिंग आणि आयर या संशोधकांनी मांडलं की शरीर ठरलेल्या आकड्याला चिकटून राहत नाही. पुढे काय लागणार याचा अंदाज घेऊन ते आकडाच बदलतं. ब्रूस मॅकइवन यांनी पुढे सांगितलं की असं वारंवार बदलावं लागलं की झीज साठत जाते. सततची काळजी असेल तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं, रक्तदाब वर राहतो, झोप मोडते. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दिवाळीच्या सुमारास उसाला जाणारी जोडपी, पहाटे चारला कोयता आणि रात्री गाडी भरणं, डोक्यावर उचल. त्यांच्या शरीरांची झीज मोजायला याहून चांगली चौकट मला माहीत नाही. परभणीच्याच कृषी विद्यापीठात, पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, शेतकरी स्त्रियांच्या कामातल्या शिणाचा अभ्यास झालाय, आणि तो शीण कमी करणारी अवजारंही सुचवली गेली आहेत. ती गावापर्यंत पुरेशी पोचली नाहीत, हे माझं मत.

अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्या शहरानं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि तो नमुना झाला. पण शहराचा आराखडा शेताच्या धुऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. 2005 च्या केंद्राच्या कायद्यातही कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद झाली. खासगी शेतात यातलं काही कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक काम तिथेच होतं.

ज्यांच्या शेतात या मेमध्ये धसकटं वेचायला, नांगरटीमागं काम करायला बाया येणार आहेत, त्यांना एक विनंती. काम पहाटे सहाला सुरू करा आणि दहाला थांबवा. उरलेलं संध्याकाळी करा किंवा दुसऱ्या दिवशी. पहिला आठवडा हलकं काम द्या. आखाड्यावर भरलेला माठ, मीठ घातलेलं ताक, आणि चार बांबूंना जुनं लुगडं बांधून बायांसाठी एक आडोसा करा. आणि कमी तासांची म्हणून मजुरी कापू नका.